हप्ता ४४९ डॉलर: एका कार लीजचा पंचनामा

नवरा-बायको दोघंही नोकरी करणारे, अमेरिकेत बरीच वर्षं काढलेले, क्रेडिट स्कोअर उत्तम. घरातली एक गाडी जुनी झाली होती, तिचं कर्ज फिटलेलं होतं. ती देऊन नवी एसयूव्ही लीजवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या भाड्याने, घ्यायची, असं ठरवून एका शनिवारी दुपारी दोघं शोरूममध्ये गेले आणि रात्री साडेनऊला नवी गाडी घेऊन बाहेर पडले. हप्ता ४४९ डॉलर २५ सेंट, मुदत ३९ महिने, 'डाउन पेमेंट शून्य'. दोघंही खूश होते, कारण घरून निघताना त्यांनी ४५० डॉलरची मर्यादा घातली होती आणि हप्ता तिच्या आत बसला होता.

खरं तर तो नेमका त्या मर्यादेपाशी येऊन थांबला, तेव्हाच शंका यायला हवी होती. हे प्रकरण त्यांच्या संमतीने लिहितो आहे. डीलर, गाडीची कंपनी आणि बँक यांची नावं गाळली आहेत, मोठे आकडे गोल केले आहेत. कर प्रत्येक राज्यात वेगळ्या पद्धतीने लागतो, म्हणून तो हिशेबातून वगळला आहे.

जाहिरात आणि तो एक प्रश्न

जाहिरातीत मोठ्या अक्षरांत महिना २९९ डॉलर होते. खाली बारीक अक्षरांत सहीच्या वेळी भरायचे ३,९९९ डॉलर, वर्षाला १०,००० मैलांची मर्यादा आणि एकच स्टॉक नंबर, म्हणजे ऑफर फक्त त्या एका गाडीवर. ही बारीक अक्षरं डीलर हौसेने छापत नाही. १९७६चा कन्झ्युमर लीजिंग अ‍ॅक्ट आणि त्याखालचं रेग्युलेशन एम यांच्यामुळे जाहिरातीत हप्त्याचा आकडा दिला की सहीच्या वेळची एकूण रक्कम, हप्त्यांची संख्या आणि अनामत आहे की नाही, हे सांगावंच लागतं. म्हणजे जाहिरात कायद्याला धरून होती. 'ती' गाडी मात्र सकाळीच गेली होती. ती नेहमी सकाळीच जाते.

सेल्समन देशी निघाला, दोन मिनिटांत हिंदीवर आला. मुलं कुठल्या शाळेत, घर कुठे, अशा गप्पा झाल्या आणि मग सहज विचारावं तसा प्रश्न आला, "महिन्याला किती बसेल तुम्हाला?" यांनी सांगितलं, "साडेचारशेच्या वर नको."

सगळा व्यवहार या उत्तराने ठरला. त्यानंतर गाडीच्या किमतीवर कोणी बोललंच नाही. सेल्समनने एका कागदावर उभी-आडवी रेघ मारून चार चौकोन केले: गाडीची किंमत, जुन्या गाडीची किंमत, डाउन पेमेंट, हप्ता. या धंद्यात हा कागद फार जुना आहे. गिऱ्हाईक एका चौकोनावर अडलं की त्यात थोडं द्यायचं आणि दुसऱ्या चौकोनातून काढून घ्यायचं. हे दोघं हप्त्याच्या चौकोनावर अडले होते, त्यामुळे बाकीचे तीन मोकळे राहिले.

जुन्या गाडीची किल्ली 'किंमत काढायला' आत गेली आणि दोन तास बाहेर आली नाही. ड्रायव्हिंग लायसन्स फोटोकॉपीला गेलं होतं, तेही आतच. अधूनमधून सेल्समन "मॅनेजरला विचारून येतो" म्हणून उठायचा. शेवटी जुन्या गाडीचे ९,००० डॉलर ठरले आणि तो म्हणाला, "डाउन पेमेंट एक पैसाही नको. झीरो डाउन." नवऱ्याला वाटलं, ९,००० आपल्याला मिळणार किंवा पुढच्या हप्त्यांत वळते होणार. बायकोला वाटलं, ते किमतीतून वजा झाले असतील. दोघांनी एकमेकांना विचारलं नाही. मुलं भुकेली होती.

कागदावर काय होतं

सही टॅब्लेटवर झाली. फायनान्सवाला बोटाने जागा दाखवत होता आणि हे सही करत होते. छापील प्रत हातात आली ती सह्या झाल्यावर, फोल्डरमध्ये घालून. रविवारी संध्याकाळी बायकोने ते फोल्डर उघडलं. ती अकाउंट्समधली. पहिल्यांदा तिच्या नजरेला पडली ती कायद्याने सक्तीची केलेली चौकट, ज्यात हप्ता कसा काढला ते लिहावं लागतं:

ग्रॉस कॅपिटलाइज्ड कॉस्ट ४४,५४५
कॅपिटलाइज्ड कॉस्ट रिडक्शन ९,०००
अ‍ॅडजस्टेड कॅपिटलाइज्ड कॉस्ट ३५,५४५
रेसिड्युअल व्हॅल्यू २३,९४०
डेप्रिसिएशन ११,६०५
रेंट चार्ज ५,९१६

ग्रॉस कॅपिटलाइज्ड कॉस्ट म्हणजे हिशेबाला धरलेली एकूण किंमत, रेसिड्युअल म्हणजे लीज संपताना गाडीची धरलेली किंमत, आणि डेप्रिसिएशन म्हणजे अ‍ॅडजस्टेड कॉस्ट आणि रेसिड्युअल यांतला फरक. 'झीरो डाउन' दुसऱ्या ओळीत होतं. कॅपिटलाइज्ड कॉस्ट रिडक्शन म्हणजेच डाउन पेमेंट. डाउन पेमेंट म्हणून खिशातून रोख गेली नाही, पण घरातली गाडी गेली. ३९ हप्त्यांचे १७,५२१ आणि गाडीचे ९,००० मिळून २६,५२१ होतात. त्याला ३९ने भागलं तर महिन्याला ६८० डॉलर पडतात. गाडी ४४९ची नव्हतीच.

लीजमध्ये असा पैसा आधी ओतण्यात आणखी एक धोका आहे, आणि तो फार कमी लोकांना माहीत असतो. गाडी पहिल्याच महिन्यात अपघातात निकामी झाली, तर विम्याचे पैसे गाडीच्या मालकाला, म्हणजे लीज कंपनीला जातात. आपण आधी भरलेले ९,००० परत येत नाहीत. गॅप कव्हर असलं तरी ते विमा आणि उरलेली देणी यांच्यातली दरी भरतं, आधी भरलेली रक्कम नाही. जुनी गाडी वेगळी विकून पैसे स्वतःच्या खात्यात ठेवले असते, तर हप्ता २५० डॉलरने जास्त दिसला असता, पण जोखीम कमी झाली असती. दिसणारा हप्ता आणि खरी किंमत यांचा संबंध असा उलटासुलटा असतो.

पहिल्या ओळीतल्या ४४,५४५मध्ये काय काय आहे, हे चौकटीत नव्हतं. गाडीच्या काचेवरच्या अधिकृत स्टिकरवर ४२,००० होते. १९५८च्या कायद्याने उत्पादकाला लावावं लागतं ते हे स्टिकर. त्याच्या शेजारी डीलरचं स्वतःचं दुसरं स्टिकर होतं: पेंट सीलंट, काचांवर व्हिन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, कोरणं, टायरमध्ये नायट्रोजन, एकूण १,८५०. "हे गाडीवर आधीच लावलेलं आहे, काढता येत नाही," असं तोंडी सांगितलं होतं. शिवाय लीज कंपनीची अ‍ॅक्विझिशन फी (लीज सुरू करण्याचं शुल्क) ६९५. तिन्हींची बेरीज बरोबर ४४,५४५. म्हणजे स्टिकरच्या किमतीतून एक डॉलरही सुटला नव्हता.

(नायट्रोजनबद्दल एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपण श्वास घेतो त्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो.)

अशी फोड सही करण्याआधी लेखी मागण्याचा हक्क रेग्युलेशन एम देतं. मागितली तर द्यावी लागते, न मागितली तर एकच आकडा दाखवला तरी चालतं. यांनी मागितली नव्हती, कारण असं काही मागता येतं हेच माहीत नव्हतं.

आता रेंट चार्ज. लीजमधलं व्याज ते हेच. ते 'मनी फॅक्टर' नावाच्या बारीक दशांशाने काढतात आणि तो दशांश करारात छापायची सक्ती नाही. पण चौकटीतून तो उलटा काढता येतो. ५,९१६ला ३९ने भागलं की महिन्याचे १५१ डॉलर ६९ सेंट येतात. त्याला अ‍ॅडजस्टेड कॉस्ट आणि रेसिड्युअल यांच्या बेरजेने, म्हणजे ५९,४८५ने भागलं की ०.००२५५. हा आकडा २४००ने गुणला की साधारण वार्षिक व्याजदर येतो: ६.१२ टक्के. २४०० कुठून आले? वर्षाचे १२ महिने, टक्क्यांसाठी १००, आणि दोन आकड्यांची बेरीज घेतली पण सरासरी घ्यायला हवी होती म्हणून २. बस्स, यात गूढ काही नाही. गूढ वाटावं म्हणून तो दशांशात लिहितात, असं माझं मत आहे.

६.१२ टक्के जास्त की कमी, हे ठरवायला तुलना हवी. तिने त्याच कंपनीच्या इतर डीलरना ईमेल टाकली: हेच मॉडेल, ३९ महिने, १०,००० मैल, विक्रीची किंमत, मनी फॅक्टर आणि रेसिड्युअल लेखी कळवा. काहींनी "शोरूमला या" एवढंच लिहिलं. एकाने सरळ आकडे दिले: ४०,०००, ०.००२१५, स्टिकर किमतीच्या ५७ टक्के. रेसिड्युअल दोन्हीकडे तेच होतं, कारण ते लीज कंपनी ठरवते, डीलर नाही. मनी फॅक्टर मात्र डीलर वाढवू शकतो आणि वरच्या फरकातला वाटा त्याला मिळतो.

दुसऱ्या डीलरच्या आकड्यांनी, तेच ९,००० धरून, हप्ता आला ३१८ डॉलर ४७ सेंट. महिन्याला १३१चा फरक, ३९ महिन्यांत सुमारे ५,१००. त्यात मनी फॅक्टर फुगवल्याचे ९२८, बाकीचे न मिळालेल्या सवलतीचे आणि नायट्रोजन मंडळींचे.

मैलांचं प्रकरण वेगळंच. नवऱ्याचं ऑफिस लांब, वर्षाला १४,००० मैल होतात, हे गप्पांमध्ये सेल्समनला सांगितलेलं होतं. करारात मात्र १०,००० आणि जादा मैलाला २५ सेंट. ३९ महिन्यांत १३,००० मैल जादा झाले असते, म्हणजे परत करताना ३,२५० डॉलर. हेच मैल आधीच करारात घेतले असते, १५,०००च्या हिशेबाने, तर एकूण सुमारे ७६० डॉलर वाढले असते. पण मग हप्ता ४५०च्या वर गेला असता ना.

खोटं कुठे होतं?

इथे थांबायला हवं, कारण याच ठिकाणी बहुतेक लोक रागाच्या भरात चुकीच्या दारात जातात. करार खोटा नव्हता. चौकटीतला प्रत्येक आकडा खरा होता, प्रत्येक पानावर सही होती. खोटं बोललं गेलं ते तोंडी: 'झीरो डाउन', 'काढता येत नाही', 'ही ऑफर फक्त आजची'. आणि करारातच एक कलम असतं की यात लिहिलं आहे तेवढंच ठरलं आहे, तोंडी बोलण्याला किंमत नाही. कायदा कागदाची राखण करतो. म्हणून कागद सहीच्या आधी वाचला तर कायदा आपल्या बाजूला असतो, नंतर वाचला तर बऱ्याच अंशी त्यांच्या.

"तीन दिवसांत गाडी परत करता येते ना?" हे नवऱ्याने विचारलं, तसं सगळेच विचारतात. तीन दिवसांचा तो संघीय नियम घरी येऊन किंवा तात्पुरत्या जागी केलेल्या विक्रीसाठी आहे. शोरूममध्ये जाऊन केलेल्या सहीला तो लागू नाही.

फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या संघीय संस्थेने डिसेंबर २०२३मध्ये डीलरांसाठी एक नवा नियम जाहीर केला होता. गाडीची पूर्ण किंमत आधी सांगा, फायदा नसलेल्या जोडवस्तू विकू नका, प्रत्येक जादा गोष्टीला स्पष्ट संमती घ्या, असं त्यात होतं. डीलरांच्या संघटना कोर्टात गेल्या आणि जानेवारी २०२५मध्ये पाचव्या सर्किटच्या अपील कोर्टाने नियम करण्याच्या प्रक्रियेतल्या त्रुटीवर तो रद्द केला. फसवणुकीविरुद्धचा मूळ कायदा शिल्लक आहे, राज्यांचे कायदे आहेत, पण हातात धरून दाखवावा असा तो नियम राहिला नाही.

तेव्हा रविवारी रात्री यांच्याकडे फारसं काही नव्हतं. दार उघडलं ते डीलरनेच.

फोन

पुढच्या शुक्रवारी शोरूममधून फोन आला. बँकेने या अटींवर मंजुरी दिली नाही; नवा करार करावा लागेल, हप्ता ४८९ किंवा रोख २,००० आणा. सोमवारपर्यंत आला नाहीत तर गाडी 'परत न केलेली' म्हणून नोंदवावी लागेल.

या खेळाला अमेरिकेत यो-यो म्हणतात. गाडी घरी नेऊ द्यायची, शेजाऱ्यांना दाखवून होऊ द्यायची, आणि मग दोरी ओढायची. त्यासाठीचा कागद फोल्डरमध्ये होताच: अटीवर ताबा दिल्याचा करार. बँकेने करार घेतला नाही तर डीलर ठरावीक दिवसांत व्यवहार रद्द करू शकतो, असं त्यात लिहिलेलं. पण त्याच कागदाच्या शेवटी हेही होतं की रद्द झाला तर गिऱ्हाइकाने दिलेलं सगळं परत करायचं. आपली जुनी गाडीसुद्धा.

बायकोने आधी करारावर नाव असलेल्या लीज कंपनीला, म्हणजे डीलर जिला 'बँक' म्हणत होता तिलाच, फोन लावला. अर्जदार म्हणून स्वतःच्या अर्जाची स्थिती विचारता येते. उत्तर मिळालं: अर्ज शनिवारी संध्याकाळीच मंजूर झाला आहे, डीलरकडून कागद यायचे आहेत.

मग तिने शोरूमला ईमेल लिहिली. मी ती वाचली आहे. चिडचिडीचा एक शब्द नाही, हेच तिचं बळ. मजकूर साधारण असा: लीज कंपनी अर्ज मंजूर असल्याचं सांगते. नामंजूर असेल तर कायद्याप्रमाणे कारणासह लेखी सूचना हवी, ती पाठवा. (१९७४च्या इक्वल क्रेडिट ऑपॉर्च्युनिटी अ‍ॅक्टखालच्या नियमांप्रमाणे पूर्ण अर्जावरचा निर्णय ३० दिवसांत कळवावा लागतो.) व्यवहार तुम्ही रद्द करत असाल तर तसं लेखी द्या, आम्ही गाडी आणून देतो, आमची जुनी गाडी आणि पहिला हप्ता परत द्या. वेगळ्या आकड्याच्या कुठल्याही कागदावर सही करणार नाही. यापुढचं बोलणं ईमेलवर.

ईमेलला उत्तर आलं नाही, फोन आले. पहिल्या फोनवर सेल्समन दुखावलेला होता: "मी घरचं समजून केलं." दुसऱ्यावर फायनान्सवाला: जुनी गाडी लिलावात विकली गेली, आता परत कशी देणार? त्या वेळी ती गाडी त्याच शोरूमच्या वेबसाइटवर १३,९०० डॉलरला लावलेली होती, मागच्या काचेवरच्या मुलाच्या शाळेच्या स्टिकरसकट. बायकोने त्या पानाचा स्क्रीनशॉट मागच्याच ईमेलला जोडून पाठवला. मजकूर काही लिहिला नाही.

त्यानंतर फोन आला तो जनरल मॅनेजरचा, आणि ४८९चा विषय पुन्हा निघाला नाही.

काय मिळालं, काय नाही

भेट मंगळवारी सकाळी ठरली. शनिवार टाळला, मुलांना नेलं नाही. आधी नव्या कराराचा मसुदा ईमेलवर मागवून वाचला. जोडवस्तूंचे १,८५० गेले, काचेवरचे कोरलेले आकडे तेवढे फुकटात राहिले. मनी फॅक्टर ०.००२१५ झाला. मैल वर्षाला १५,००० घेतले, त्यामुळे रेसिड्युअल ५५ टक्क्यांवर, २३,१००वर आलं. हप्ता ३९३ डॉलर ७८ सेंट. एक गोष्ट तिने हट्टाने करून घेतली: नव्या करारावर त्या मंगळवारची तारीख. अशा दुसऱ्या सहीवर पहिल्या दिवसाची तारीख टाकायची सवय असते. मग ज्या दिवसांत करारच नव्हता त्या दिवसांचंही व्याज आपल्या माथी, आणि मधे काय घडलं याचा पुरावा कागदावरून पुसला जातो.

गाडीची किंमत मात्र ४२,०००वरून हलली नाही. मॅनेजर त्यावर अडून बसला आणि नवरा थकला होता. माझं मत विचाराल तर तिथेच उठायला हवं होतं. व्यवहार मोडायचा हक्क हातात आला होता, जुनी गाडी समोर उभी होती, दुसऱ्या डीलरचा लेखी भाव खिशात होता. त्याच्याकडे १५,००० मैल घेऊनही हप्ता ३३८ पडला असता, म्हणजे ३९ महिन्यांत सुमारे २,१७० कमी. शिवाय जुन्या गाडीची किंमत दुसऱ्या कोणाकडून कधी काढलीच गेली नाही. १३,९०० आणि ९,०००मधला सगळा फरक काही नफा नसतो, डागडुजी आणि जाहिरात यांत पैसे जातात. पण तो एवढा मोठा असतो का, हे तपासायला एक तास पुरला असता. बायकोचं म्हणणं वेगळं. तिच्या मते आठवडाभराची झोप २,१७०पेक्षा महाग होती. यावर मला उत्तर देता आलेलं नाही.

त्यांनी नंतर राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलकडे आणि फेडरल ट्रेड कमिशनकडे तक्रार केली. भर 'नामंजुरी'च्या फोनवर ठेवला, झीरो डाउनवर नाही, कारण पहिल्याला लीज कंपनीचं उत्तर आणि ईमेल यांचा आधार होता. अ‍ॅटर्नी जनरलच्या कार्यालयामार्फत डीलरचा खुलासा आला: सर्व आकडे करारात नमूद होते, ग्राहकांनी सह्या केल्या आहेत, गैरसमज दूर करून नवा करार केलेला आहे. फोनबद्दल खुलाशात एक ओळही नव्हती. कन्झ्युमर लीजिंग अ‍ॅक्टखाली माहिती देण्यात कसूर झाल्याचा दावा लीज संपल्यापासून एक वर्षापर्यंत करता येतो, म्हणून पहिला रद्द झालेला करार, अटीवर ताब्याचा कागद आणि वेबसाइटचा तो स्क्रीनशॉट बायकोने फाइलला लावून ठेवला आहे.